आधी क्रमांक, मागाहून विसार

परदेशात घर घेणे ही गोष्ट आता संस्थानिकांची आणि जहाजमालकांची राहिलेली नाही. गोमंतकातील, सिंधुदुर्गातील आणि त्यापलीकडच्या मराठी मुलखातील सामान्य नोकरदारांची मुले आज लिस्बन, डब्लिन, दुबई, न्यू जर्सी अशा ठिकाणी स्थिरावली आहेत. मुलाने तिकडे भाड्याच्या खोलीत किती वर्षे काढावीत, या काळजीने इकडचे आईबाप आयुष्याची पुंजी हाती घेऊन उभे राहतात. पुंजी कष्टाची असते आणि हेतू निर्मळ असतो. तरीही या व्यवहारांत आपल्या माणसांची जी फरफट होते तिचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडते. घर पाहण्याची, आवडण्याची आणि विसार देण्याची घाई सर्वांना असते. ज्या सरकारच्या हद्दीत ते घर उभे आहे त्या सरकारच्या करखात्याकडे आपले नाव नोंदवून क्रमांक घेण्याची घाई मात्र कोणालाच नसते. तो क्रमांक म्हणजे अखेरच्या दिवशी उरकायची कारकुनी बाब, अशी समजूत करून घेतली जाते. ही समजूत किती महाग पडते याचे एक उदाहरण नुकतेच आमच्या कानी आले, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उदाहरण इंदूरचे आहे. हे कुटुंब मूळचे आपल्याच किनाऱ्यावरचे. तीन पिढ्यांपूर्वी होळकरांच्या राज्यात चाकरीस गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी बोलली जाते, चतुर्थीला गणपती बसतो आणि कुलदैवताच्या दर्शनास दोन-तीन वर्षांतून एकदा गोव्यास येणेही होते. गृहस्थांचा पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग घडवण्याचा लहानसा कारखाना आहे. पोलोग्राउंड हे नाव घोड्यांच्या खेळाचे, संस्थानी काळाची आठवण देणारे. आज मात्र तिथे लहानमोठ्या कारखान्यांच्या शेड आणि वीज वितरण कंपनीची कचेरी हेच दिसते. तिथल्या एका शेडमधून निघालेली बचत पोर्तुगालात पोहोचली, कारण थोरला मुलगा तिकडे संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने एक सदनिका पाहिली, किंमत तीन लाख युरो ठरली, वडिलांनी दहावा हिस्सा म्हणजे तीस हजार युरो इंदूरच्या बँकेतून पाठवले आणि वचनकरारावर एकट्या वडिलांचे नाव, पारपत्राच्या क्रमांकासह, घालण्यात आले. खरेदीखत नव्वद दिवसांत व्हावयाचे होते.

यात गैर काहीच दिसत नाही. अडचणी सुरू झाल्या त्या यानंतर, आणि एकीतून दुसरी निघत गेली. भारतातील रहिवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. तीन लाख युरो त्या मर्यादेत बसत नाहीत. तेव्हा उरलेला भाग पत्नीच्या नावे पाठवू, असे ठरले. बँकेने विचारले, पत्नी या घराच्या सहमालक आहेत काय? रिझर्व्ह बँकेचा दंडक असा की कुटुंबातील माणसांनी आपापल्या मर्यादा एकत्र करून परदेशी मालमत्ता घ्यावयाची असेल तर पैसे पाठवणारा प्रत्येक जण त्या मालमत्तेचा सहमालक असला पाहिजे. करारात पत्नीचे नाव नव्हते. ते घालण्यास विक्रेता तयार झाला. पण नाव घालायचे तर त्यांचाही पोर्तुगीज करक्रमांक हवा, आणि तोवर तो वडिलांनीसुद्धा घेतला नव्हता. मुलाला मुखत्यारपत्र पाठवून तिकडेच दोन्ही क्रमांक काढावेत, असा सल्ला मिळाला. इंदूरच्या नोटरीचा शिक्का मारलेले मुखत्यारपत्र गेले आणि तसेच परत आले, कारण त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल नव्हता. नव्वदांपैकी साठ दिवस इथेच संपले.

आता या क्रमांकाचे तिथे काम काय ते पाहू. पोर्तुगालात त्यास ‘निफ’ म्हणतात. जुन्या वळणाची माणसे ‘कोंत्रिब्युइंत’ क्रमांक म्हणूनही ओळखतात. नऊ आकड्यांचा हा क्रमांक नसेल तर बँकेत खाते उघडत नाही आणि वीजपाण्याची जोडणी नावावर होत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घराच्या हस्तांतरणावरील कर भरण्याचे चलन निघत नाही. हा कर खरेदीखतापूर्वीच भरावा लागतो; त्याशिवाय किमतीच्या ०.८ टक्के मुद्रांक शुल्क द्यावे लागते. कर भरल्याची पावती समोर नसेल तर तिथला नोटरी खतास हात लावत नाही. म्हणजे क्रमांक नाही तर चलन नाही, चलन नाही तर पावती नाही आणि पावती नाही तर खत नाही. आणि खत ठरल्या दिवशी झाले नाही तर? पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे खरेदीदाराच्या दोषाने व्यवहार मोडल्यास दिलेला विसार, ज्याला ते ‘सिनाल’ म्हणतात, विक्रेता ठेवून घेऊ शकतो. विक्रेत्याच्या दोषाने मोडल्यास त्याने दुप्पट परत करावयाचा असतो. आपली कागदपत्रे वेळेत तयार नसणे हा विक्रेत्याचा दोष कोणी म्हणणार नाही. तीस हजार युरो म्हणजे पोलोग्राउंडच्या त्या शेडची कैक वर्षांची शिल्लक. सुदैवाने विक्रेता समंजस निघाला, त्याने मुदत वाढवून दिली. पण कोणाचे हित समोरच्याच्या समंजसपणावर सोपवून व्यवहार करावयाचा नसतो.

या प्रकरणातील आणखी एक धागा आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. सदनिका दाखवणाऱ्या दलालाने या कुटुंबाच्या मनावर असे बिंबवले होते की घर घेतले की रहिवासाचा परवाना आपोआप मिळतो. घरखरेदीच्या बळावर पोर्तुगालात रहिवास देणारी ‘गोल्डन व्हिसा’ची ती वाट ऑक्टोबर २०२३ मध्ये कायद्याने बंद झाली. स्पेननेही आपली तशीच योजना एप्रिल २०२५ मध्ये गुंडाळली. दलालांच्या रंगीत पत्रकांतून मात्र ती अजून गेलेली नाही. करक्रमांक मिळाला म्हणजे रहिवास मिळाला, ही समजूत याच पत्रकांची अपत्य आहे. करक्रमांक हा सरकारने तुम्हांस ओळखण्यासाठी दिलेला असतो. तुम्हांस ठेवून घेण्यासाठी नव्हे.

आपल्या गोमंतकीयांना वाटेल की इंदूरकरांची ही अडचण आपल्याला कशी येणार. पोर्तुगालशी आपले जुने नाते. खरे तर ते नाते हीच आपली निराळी अडचण आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या नोंदणी कचेरीत जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, आणि हिंदू कुटुंबांतूनही ते घेतलेले लोक थोडे नाहीत. ज्यांनी तिकडचे नागरिक ओळखपत्र काढले त्यांच्या नावे करक्रमांक आधीच पडलेला असतो. तो आयुष्यभरासाठी एकच असतो. अनेकांच्या हे गावीही नसते आणि घर घेताना ते दुसऱ्यांदा अर्ज करू लागतात. याहून वाईट प्रकार पत्त्याचा. कागदपत्रांसाठी काही आठवडे लिस्बनला राहिलेला तरुण आपला पत्ता म्हणून ज्याच्या खोलीत उतरला त्याचाच पत्ता लिहून देतो, आणि पुढे इंग्लंडात स्विंडनला नोकरीस निघून जातो. करखात्याच्या दप्तरी तो लिस्बनचा रहिवासीच राहतो. पत्रे त्या खोलीवर जातात, खोलीत आता दुसराच कोणी असतो. पाच-सहा वर्षांनी आईवडिलांसाठी घर घ्यावे म्हणून तो परत जातो तेव्हा आपल्या क्रमांकावर काय काय नोंदले गेले आहे याचा शोध त्याला तिथेच लागतो.

दुसरी अडचण नावाची. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे पोर्तुगीज कारकुनांनी आपल्या कानांना जशी ऐकू आली तशी लिहून ठेवली. शेणै तेथे ‘सिनाई’ झाले, कामत ‘कामोतिं’ झाले, प्रभू ‘पोरोबु’ झाले. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यात, मग रेशनकार्डावर, मग पारपत्रावर आणि पॅनकार्डावर पुन्हा निरनिराळ्या रीतीने तीच नावे उतरली. एकाच माणसाची तीन नावे गोव्यात खपून जातात, कारण इथे घराण्याची ओळख गावाला असते. लिस्बनच्या करखात्याला ती असण्याचे कारण नाही. तिथे क्रमांक ज्या नावाने पडतो त्याच नावाने खत व्हावयाचे, त्याच नावाने बँकेने पैसे स्वीकारावयाचे. आणि भारतातून पैसे जातात ते पॅनवरच्या नावाने. दोन्हींत एका अक्षराचा फरक पडला तर शपथपत्रांचा खेळ सुरू होतो. नाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. तो वापरावा लागणार असेल तर विसार देण्यापूर्वी वापरावा.

आणि तिसरी अडचण आपल्या विवाहाची! वाचकांनी दचकू नये. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेखाली गोव्यात झालेल्या विवाहात, वेगळा करार केला नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते, हे इथल्या हिंदू कुटुंबांना सांगावयास नको. ही संहिता गोमंतकीयाच्या भारतात अन्यत्र असलेल्या मालमत्तेलाही लागू होते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. पोर्तुगालात खत करताना नोटरी खरेदीदार विवाहित आहे काय आणि कोणत्या मालमत्ता-पद्धतीखाली विवाहित आहे, हे विचारतो व खतात लिहितो. आपल्या माणसाने खरे उत्तर दिले की पुढचा प्रश्न येतो तो पत्नीच्या करक्रमांकाचा. घर एकट्याच्या पैशाने घेतले, म्हणून क्रमांक एकट्याचा पुरे, हा हिशेब गोवेकराला लागू पडतोच असे नाही. भारतीय आयकर कायद्यानेही १९९४ मध्ये खास गोवेकरांसाठी तरतूद केली की वेतनाखेरीज इतर उत्पन्न या दांपत्यांच्या बाबतीत दोघांत निम्मे-निम्मे धरावे. लिस्बनच्या घराचे भाडे आले तर तेही वेतन नव्हे. तेव्हा दोघांच्याही विवरणपत्रांत ते दिसले पाहिजे. आमच्या माहितीतील कित्येक सुशिक्षित घरांत हे भाडे केवळ यजमानांच्या विवरणपत्रात दाखवले जाते, आणि काही घरांत कोणाच्याच नाही.

इथे आम्ही भारतातील बाजूकडे वळतो. परदेशी करक्रमांकाचा भारतीय करखात्याशी काय संबंध, असे विचारणारे भेटतात. संबंध सरळ आहे. रहिवासी भारतीयाला आपल्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा आणि परदेशी उत्पन्नाचा तपशील द्यावा लागतो. परदेशी उत्पन्नाच्या तक्त्यात त्या देशाच्या नावापुढे तिथल्या करक्रमांकाचा रकाना असतो. तिकडे भरलेल्या कराची वजावट इकडे मागावयाची तर तो कर कोणाच्या नावे भरला याचा पुरावा हवा, आणि तो पुरावा त्या क्रमांकावरच उभा असतो. पोर्तुगालशी आणि स्पेनशी भारताचे दुहेरी कर टाळण्याचे करार आहेत. पण करार हा हक्क देतो, पावती देत नाही.

विवरणपत्रात परदेशी घर दाखवले नाही तर काय होते? २०१५ चा काळ्या पैशाविरुद्धचा कायदा त्याच वर्षीच्या १ जुलैपासून अमलात आहे. दडवलेल्या परदेशी मालमत्तेवर ३० टक्के कर, त्याच्या तिप्पट दंड, आणि केवळ माहिती न दिल्याबद्दल वर्षाला दहा लाख रुपये दंड, अशी त्याची झेप आहे. लहान रकमांच्या बाबतीत सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून सवलत दिली; परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांच्या आत असेल तर हा दहा लाखांचा दंड नाही. परंतु त्या सवलतीच्या वाक्यात एक लहानसा अपवाद आहे, आणि तो नेमका स्थावर मालमत्तेचा आहे. बँकेतील विसरलेल्या खात्याला क्षमा आहे, घराला नाही. हे अपवाद छापील कायद्यात असतात, दलालाच्या पत्रकात नसतात.

पैसे पाठवतानाच कापल्या जाणाऱ्या कराचाही विचार आधी केलेला बरा. घरासाठी परदेशी पाठवलेल्या रकमेतील वर्षाचे पहिले दहा लाख रुपये सोडून उरलेल्या रकमेवर बँक वीस टक्के कर आगाऊ गोळा करते. एक कोटी पाठवले तर नव्वद लाखांवर अठरा लाख रुपये. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तो परत मिळेपर्यंत अठरा लाख आणावयाचे कोठून? घराच्या किमतीएवढीच रक्कम बाळगून निघालेला माणूस इथेच अडतो. या योजनेचा इतिहासही सरळ रेषेत गेलेला नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये वर्षाला पंचवीस हजार डॉलरांनी ती सुरू झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया कोसळत असता मर्यादा पंचाहत्तर हजारांवर आली आणि या पैशातून परदेशी घर घेण्यासच बंदी झाली. पुढच्या वर्षी बंदी उठली, आणि २०१५ पासून मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. २०१३ मध्ये विसार देऊन बसलेल्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. पैसे पाठवण्याची मुभा आज आहे म्हणून ती खताच्या दिवशी असेलच, असे धरून चालणे धाडसाचे आहे.

इंदूरचा विषय निघालाच आहे तर एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. १९२६ मध्ये गादी सोडलेले तुकोजीराव होळकर पुढे फ्रान्समध्ये राहिले. पॅरिसजवळ सां जेर्मां येथे त्यांचा वाडा होता, त्या आवारात आज आंतरराष्ट्रीय शाळा भरते, आणि १९७८ मध्ये पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र यशवंतराव यांनी इंदुरात माणिकबाग हा राजवाडा एका जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतला. १९३० च्या दशकात त्याची कीर्ती युरोपात पोहोचली होती. त्या राजवाड्यात आज केंद्रीय अबकारी व वस्तू-सेवा कराची कचेरी आहे. महाराजांना वाडा घेताना कोणी क्रमांक विचारला असेल असे वाटत नाही. पण त्यांच्या वाड्यात आता क्रमांकच विचारले जातात. पोलोग्राउंडच्या कारखानदाराला दोन्ही काळांचा वारसा मिळाला आहे, आणि दुसऱ्याचे भान ठेवणे त्याला भाग आहे. असो.

पोर्तुगालवर आम्ही अधिक लिहिले ते आपल्या संबंधामुळे. इतर देशांत प्रकार निराळे असले तरी गाभा तोच. स्पेनमध्ये परक्या माणसाच्या क्रमांकाला ‘एनआयई’ म्हणतात. आरंभी एक अक्षर, मग सात आकडे, शेवटी पुन्हा अक्षर. तो तिथल्या पोलीस कचेरीत किंवा इथल्या स्पॅनिश वकिलातीमार्फत मिळतो. स्पेनची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. घर रिकामे ठेवले, भाडे एक पैशाचे आले नाही, तरी परदेशस्थ मालकाला दरवर्षी कर भरावा लागतो. सरकारी दप्तरी घराचे जे मूल्य असते त्याचा १.१ किंवा २ टक्के भाग हे काल्पनिक उत्पन्न धरून त्यावर, युरोपीय संघाबाहेरच्या मालकाला, २४ टक्के कर. दप्तरी मूल्य एक लाख युरो आणि दर दोन टक्के असेल तर वर्षाला ४८० युरो. रक्कम फार मोठी नाही. पण ‘घर बंद आहे, कर कसला?’ या समजुतीवर ती वर्षानुवर्षे साचते आणि घर विकताना समोर येते. अमेरिकेत परदेशस्थ मालकाने घर विकले की खरेदीदार साधारणतः किमतीच्या पंधरा टक्के रक्कम कापून करखात्याकडे भरतो. ती सोडवून घ्यावयाची तर तिथला करक्रमांक हवाच. इंग्लंडात घर घेण्यासाठी असा क्रमांक अडत नाही, मात्र भाडे सुरू झाल्यावर नोंदणी केली नाही तर भाड्यातून कर आधीच कापला जातो. शिवाय परदेशस्थाला २०२१ पासून मुद्रांक करात दोन टक्के अधिक.

दुबईची गोष्ट उलट्या टोकाची आहे. तिथे व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून घर घेणाऱ्याला करक्रमांकही लागत नाही. चार टक्के नोंदणी शुल्क भरले की काम झाले. आमच्या मते आपल्या लोकांना सर्वांत मोठा धोका इथेच आहे. क्रमांक मागितला गेला की माणूस निदान थांबतो, कोणा जाणत्याला विचारतो. मागितलाच नाही तर हे घर कोणत्याच सरकारच्या वहीत नाही असे तो मानू लागतो. दुबईतील कर नसणे हे दुबईपुरते आहे. भारतात राहणाऱ्या मालकाने ते घर आणि त्याचे भाडे इथल्या विवरणपत्रात दाखवावयाचेच असते. बँक खात्यांची माहिती संयुक्त अरब अमिरातीकडून भारताकडे येऊ लागल्यालाही काही वर्षे झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने परदेशी खाती असलेल्या करदात्यांना संदेश पाठवण्याची मोहीम काढली, ती या माहितीच्या आधारेच. आखातात वीस-पंचवीस वर्षे राबून परत आलेल्यांनी घाबरण्याचे कारण नाही. तिकडे रहिवासी असताना घेतलेले घर परतल्यावरही बाळगण्याची मुभा परकीय चलन कायद्याने स्पष्ट दिली आहे. बाळगण्याची मुभा आहे, दडवण्याची नाही, एवढे ध्यानी ठेवावे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या अंगणात घडून गेली आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात मोरजी, हरमल, कळंगूट या भागांत रशियन, इंग्रज आणि इतर परदेशीयांनी घरे व जमिनी घेतल्या. अनेकांकडे पॅन होता. काहींनी इथे कंपनी काढून तिच्या नावे खरेदी केली. पॅन आहे, उपनिबंधकाने खत नोंदवले आहे, म्हणजे व्यवहार पक्का, असे त्यांना सांगण्यात आले. परकीय चलन कायदा वेगळेच सांगत होता. भारताचा रहिवासी नसलेल्या आणि भारतीय वंशाच्या नसलेल्या परकीयाला इथे स्थावर मालमत्ता घेता येत नाही. आणि रहिवासी ठरण्यास नुसते १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य पुरत नाही, नोकरी, धंदा किंवा अनिश्चित काळ राहण्याचा हेतूही लागतो. पर्यटक व्हिसावर आलेल्याला तो हेतू दाखवणे अवघड होते. अंमलबजावणी संचालनालयाच्या नोटिसा गेल्या, म्हातारपणी समुद्राकाठी राहावयास आलेली माणसे वकिलांच्या पायऱ्या झिजवू लागली. जमिनी विकून मोकळे झालेल्या आपल्यातील काहींनी तेव्हा हात वर केले, हेही आम्ही विसरलेलो नाही. परकीयाला करक्रमांक आहे म्हणून त्याला घर घेण्याचा हक्क आहे, हे जसे गोव्यात खोटे ठरले तसेच लिस्बनमध्ये रहिवासाच्या बाबतीत खोटे आहे.

त्यातही आपले काही बांधव आता दोन्ही बाजूंनी परके झाले आहेत. पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. मग इथल्या वडिलोपार्जित घरात राहणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने परदेशी असतो. ‘ओसीआय’ कार्ड मिळेपर्यंत त्याला नवी मालमत्ता घेणे कठीण, आणि शेतजमीन तर कार्ड मिळाल्यावरही विकत घेता येत नाही. ज्यांची पारपत्रे रद्द झाली होती त्यांच्या ‘ओसीआय’चा मार्ग केंद्राने २०२४ मध्ये काहीसा मोकळा केला, हे योग्यच झाले. मात्र ज्याचे पॅन जुन्या रहिवासी ओळखीवरच चालू आहे त्याने ते दुरुस्त करून घ्यावे. क्रमांक तोच राहतो. त्यामागचा माणूस बदललेला असतो.

आता करावयाचे काय? क्रमांक घेणे हे काम अवघड नाही, खर्चाचेही नाही. पोर्तुगालात स्वतः गेल्यास करखात्याच्या कचेरीत तो मिळू शकतो. न जाता काढायचा तर अपोस्टिल केलेले मुखत्यारपत्र लागते. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने घर घेतल्यावर तिथला एक करप्रतिनिधी नेमावयाचा असतो. २०२२ पासून त्याऐवजी खात्याच्या सूचना संगणकावरून स्वीकारण्याची सोयही आहे. प्रतिनिधी म्हणून दलालाच्याच माणसाचे नाव देण्याची पद्धत पडली आहे ती आम्हांस मुळीच पसंत नाही. सरकारची पत्रे ज्याच्याकडे जाणार तो माणूस घर विकणाऱ्याच्या पगारावर असू नये, एवढे व्यवहारज्ञान किनाऱ्यावरच्या व्यापारी घराण्यांना तरी शिकवावयास नको.

सर्व भार कुटुंबांवर टाकून चालणार नाही, हेही आम्हांस मान्य आहे. परदेशी पैसे पाठवताना बँक ‘ए-२’ अर्ज भरून घेते. त्यावर पॅन विचारला जातो, कारण विचारले जाते. घरासाठी पैसे जात असतील तर सर्व सहमालकांचे तिकडचे करक्रमांक झाले आहेत काय, हा एक प्रश्न पहिला हप्ता पाठवण्यापूर्वी तोंडी विचारण्यास कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. इंदूरच्या बँकेने सहमालकीचा प्रश्न दुसऱ्या हप्त्याला विचारला. पहिल्याला विचारला असता तर करार दोघांच्या नावे झाला असता. पणजीत पोर्तुगालची वकिलात आहे, राज्य सरकारचे अनिवासी गोमंतकीयांसाठीचे कार्यालय आहे, सनदी लेखापालांची शाखा आहे. नागरिकत्वासाठी रांगा लावणाऱ्यांना या तिघांपैकी कोणीही अद्याप पत्ता, नाव आणि विवाहपद्धती या तीन गोष्टींविषयी मराठीतून एक पानाचे पत्रक दिलेले आमच्या पाहण्यात नाही. लेखापालांनी मनावर घेतल्यास असे पत्रक एका संध्याकाळचे काम आहे. ते तयार करून त्यांनी आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते याच पानावर, कोणतेही मूल्य न आकारता, छापू.